शोकेसमधली जोडी

शिरगाव, बदलापूर पूर्व
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

दिनानाथ काका,

नमस्कार. दुकानाच्या पायरीवर बसून झेंडूच्या माळा ओवत होतो. शेवटची गाठ मारली, हात धुतले आणि हे पत्र लिहायला घेतलं. शटर अर्धंच वर आहे. कॅमेरा, प्रिंटर आणि तुम्ही उधारीवर दिलेले दोन्ही लाइट स्टँड पुसून मांडलेत. आई साडेसातला आरतीचं ताट घेऊन येईल.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरच्या फोटोवर तुम्ही मत देत नाही, म्हणून सोबत एक प्रिंट पाठवतोय. मी जिथे काम शिकलो तो अंबरनाथचा स्टुडिओ बंद करून तुम्ही मुलीकडे चिपळूणला गेलात, तेव्हा म्हणाला होतात, "शोकेसमध्ये एकच फोटो लाव, पण असा की बाई भाजीची पिशवी खाली ठेवून बघत राहिली पाहिजे." तसा एक जमलाय असं वाटतं.

फोटोतले गृहस्थ हिरामण म्हसकर. त्यांचं भात पिकायचं तिथे आता सात मजल्यांच्या तीन बिल्डिंगा आहेत, पण मान अजून जुनाच. इथल्या जुन्या घरांत हळद ठरली की मांडव कोणाचा, बँजो कोणाचा, फोटोवाला कोण, हे सगळं त्यांना विचारून होतं. नोव्हेंबरअखेर त्यांच्या नातीचं, ओवीचं, लग्न आहे. हळद आणि लग्न दोन्ही त्यांनी मला दिलंय. पंधरा हजार ॲडव्हान्ससुद्धा दिला. हे काम नीट झालं तर पुढच्या दहा हळदी माझ्या. बिघडलं तर मी पासपोर्ट फोटोवालाच राहीन.

फोटो शोकेसला लावू का, असं भीत भीतच विचारलं. म्हणाले, "लाव की काचंत. लोकांना कलू दे, हिरामन आजून हाय."

फ्रेम उल्हासनगरच्या सिंधी हरेशभाईंकडून उधारीवर आणली. ते म्हणाले, "वडी, इतना बड़ा फ्रेम तो लोग मरने के बाद बनवाते हैं. ज़िंदा आदमी का तू ही लाया." मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं.

पत्रातलं शुद्धलेखन दोनदा तपासलंय. नववीनंतर शाळा सुटली, तरी तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसता हे विसरलेलो नाही.

तुमचा,
जयदेव

•

चिपळूण
७ ऑक्टोबर २०२५

जयदेव,

प्रिंट मिळाली. टोपीवर उजेड जास्त पडलाय, तिथे लाल गोल केलाय. डाव्या खांद्यामागे कॅलेंडरचा कोपरा दिसतो, तिथे दुसरा. डोळ्यांना मी हात लावलेला नाही. त्या माणसाने तुझ्याकडे बघितलं आणि तू घाबरला नाहीस, हे दिसतं.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. दसरा तर होऊन गेला, तेव्हा पुढच्या वर्षासाठी लिहून ठेव. दसऱ्याला शोकेसला माळ लावायची असेल तर आतला फोटो आधी उतरवून ठेवायचा. मी छत्तीस वर्षं तसं केलं. दोनदा विसरलो तेव्हा बायकोने आठवण केली. आपण आपल्या धंद्याची पूजा करतो, पण रस्त्यावरच्याला हार दिसतो आणि हाराखाली माणूस दिसतो.

दर पत्रात हिशेब कळवायचं ठरलं होतं. या पत्रात नव्हता.

दिनानाथ

•

शिरगाव
१० ऑक्टोबर २०२५

काका,

तुमचं पत्र आज मिळालं. ते मला नऊ दिवस आधी हवं होतं.

दारापासून शोकेसच्या टोकापर्यंत एकच लांब माळ लावली. ती मधोमध झोळ खाऊन खाली आली. शोकेसच्या काचेला सगळ्या वस्तूंसारखं हळदकुंकवाचं बोट लावलं. मी हे सगळं दुकानाच्या आतून बघत होतो. रस्त्यावर जाऊन समोरून एकदाही बघितलं नाही. समोरून बघितलं तर हार हिरामण आबांच्या गळ्यात होता आणि कुंकू त्यांच्या कपाळावर.

कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. कोणी टाकला ते अजून कळलेलं नाही. खाली एकाने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. मग हात जोडलेल्यांची रांगच लागली.

आबांची बायको वेणूबाई घट उठवायला माहेरी गेल्या होत्या. मुरबाडच्या बाजूला, बारवी धरणाच्या वर. त्यांच्या भाच्याने तो फोटो पाहिला आणि आबांना तीनदा फोन केला. आबा आपट्याची पानं घेऊन देवळात गेलेले, फोन घरात चार्जिंगला. मुलगा मधुदादा आणि सगळी घरातली माणसं देवळाच्या लाउडस्पीकरखाली. कोणीच फोन उचलला नाही, म्हणजे घरात रडारड चालली असणार, असं माहेरच्यांनी धरलं.

वेणूबाईंनी उंबऱ्यावर हात आपटले. उरलेल्या बांगड्या भावजयांनी फोडल्या आणि कपाळ पुसलं. मग सगळ्याजणी टेम्पोत बसून रडत रडत शिरगावला आल्या.

मला कळलं तसा मी माळ तोडून म्हसकरांच्या अंगणात धावत गेलो. टेम्पो माझ्या डोळ्यांदेखत थांबला. आबा ओट्यावर बसून श्रीखंड खात होते, टोपीत आपट्याचं पान खोचलेलं. बायकांचा आवाज ऐकून उभे राहिले आणि म्हणाले, "कोन गेला?"

वेणूबाई टेम्पोतून उतरल्या, आबांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मेल्या, फोन का नाय उचालला?"

एक-दोघं हसले. मग आबांचं लक्ष त्यांच्या मनगटांकडे गेलं. उजव्या हाताला काच लागून रक्त सुकलेलं होतं. आबांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. तसेच चपला घालून बायकोला रिक्षात बसवून कासाराकडे घेऊन गेले. भरदिवसा नवरा बायकोला बांगड्या भरायला घेऊन जातो, हे इथे आजवर कोणी बघितलं नव्हतं. हिरव्या बांगड्या त्यांनी स्वतः पसंत केल्या.

मी त्यांच्या पाया पडलो. मधुदादा अंगावर धावून आले, "भडव्या, तुझ्या दुकानाला आग लावीन." आबांनी त्यांना हाताने थांबवलं. मला म्हणाले, "माझ्या येकल्याचा काढलास म्हनून ह्या झाला. आता दोघांचा काढ. पाडव्याला ये. आन त्याच काचंत लाव."

मी जावं का? तोपर्यंत मला झोप लागणार नाही.

जयदेव

•

चिपळूण
१४ ऑक्टोबर २०२५

जयदेव,

जा. चुकूनही "माळ अशी होती, उजेड असा होता" हे समजावत बसू नकोस. लोकांना कारण नको असतं, माणूस दिसायला हवा असतो. फोटो काढ, लाव आणि दुकान रोजच्या वेळेला उघड. बंद शटर बघून लोक उरलेलं स्वतः जुळवतात.

तो म्हातारा तुझ्यापेक्षा हुशार आहे. ज्या काचेत तो मेला त्याच काचेत त्याला बायकोसकट जिवंत बसायचंय. ओवीचं लग्न झालं की लोक हे हसत सांगतील. नाव बिघडतं तसं सुधारतंही.

दोघांना एका ओळीत उभं करू नकोस. बसव. म्हातारी माणसं उभी राहिली की परीक्षेला आल्यासारखी दिसतात.

दिनानाथ

•

शिरगाव
२७ ऑक्टोबर २०२५

काका,

पाडव्याला गेलो. ओवाळून झाल्यावर दोघांना ओट्यावरच बसवलं. उजेड दारातून घेतला, दुसऱ्या बाजूला उजेड परतवणारी थर्माकोलची शीट धरायला ओवी उभी राहिली. वेणूबाईंच्या मनगटावरची खूण ठळक दिसत होती, म्हणून मी म्हटलं, "आजी, हात पदराखाली घेता का?"

"का? चोरी केलीय का मी?" म्हणाल्या. "हात दिसू दे. बांगऱ्या पन दिसू दे. परत कोनी बोलाया नको."

आबा म्हणाले, "तिला बोल थोडं हस. मना बघून चालीस वर्सात हसली नाय."

"हसन्यासारखा केला काय तुमी?"

तेवढ्यात मी बटण दाबलं. तीच प्रिंट सोबत आहे. आबांनी पाचशे एक रुपये दिले. नको म्हटलं तर म्हणाले, "फुकटचा फोटो अंगाला लागत नाय."

फोटो शोकेसला लावल्यापासून रोज माणसं थांबतात. पोरं काचेवर बोट ठेवून सांगतात, ह्यो मेला व्हता. लोक हसतात आणि आत येतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या तीन हळदी ठरल्या, तिघांनी मिळून एकवीस हजार ॲडव्हान्स दिला. विठ्ठलवाडीहून एक जण खास विचारत आला. माझं नाव त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. काका, आजवर असं कधी झालं नव्हतं.

हिशेब पुढच्या पत्रात नक्की.

जयदेव

•

चिपळूण
२ नोव्हेंबर २०२५

जयदेव,

फोटो चांगला आहे. अजून लाल पेन्सिल लावलेली नाही, थोडे दिवस जवळ ठेवतो.

ओट्यावर बसलेली माणसं आहेत, बाईचे पाय दिसतात. म्हाताऱ्याचे पाय घोट्याच्या वर कापलेस. चुकून की मुद्दाम?

दिनानाथ

•

शिरगाव
२१ नोव्हेंबर २०२५

काका,

मुद्दाम. पाय सुजले होते. बोटांवरची कातडी चकाकत होती. चपलेत पाय जात नव्हता म्हणून अनवाणी बसले होते. फोटो चांगला दिसावा म्हणून मी चौकट वर घेतली. ओवीने तेव्हाच सांगितलं होतं की आबा आठ दिवस नीट जेवत नाहीत, उल्हासनगरच्या डॉक्टरने किडनीची तपासणी सांगितलीय, आणि ते म्हणतात लग्न होऊ दे, मग बघू. मी तुम्हाला लिहिलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, त्यात ते लिहावंसं वाटलं नाही.

आबा ११ तारखेला गेले.

बॅनरसाठी फोटो हवा म्हणून मधुदादांनी मलाच बोलावलं. पेनड्राइव्ह घेऊन अंगणात उभा होतो. आत सासर-माहेरच्या बायका वेणूबाईंभोवती बसलेल्या. नणंदेने त्यांचा हात धरला, तेव्हा वेणूबाईंनी तो हिसकावून घेतला. पहिल्यांदा वाटलं, दुःखाने असेल. मग त्या बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण अंगणातल्या सगळ्या पुरुषांना ऐकू गेला.

"हात लावू नका. माझ्या बांगऱ्या येकदा फोरल्या तुमी. तवा ह्यो जित्ता व्हता. माझा नवरा दसऱ्याला मेला, त्याचा सगला मी तवाच केला."

नणंद म्हणाली, "वयनी, लोक काय बोलतील?"

"ह्या बांगऱ्या त्यानं भरल्या. ज्यानं भरल्या तो फोरंल. उठवा त्याला."

कोणीही पुढे आलं नाही. आबांना तसंच नेलं. हिरव्या बांगड्या अजून वेणूबाईंच्या हातात आहेत. कुंकूही रोज लावतात. नात्यातल्या बायका त्यांच्या घरचं पाणी पीत नाहीत. ओवीच्या सासरच्यांनी लग्न वैशाखापर्यंत पुढे ढकललं आणि फोटोवाला आपला आणू असं सांगितलं.

गावात वेणूबाईंना तोंडावर कोणी काही बोलत नाही. ते सगळं माझ्याकडे येतं. फोटोवाल्याने आधी हार घातला म्हणून म्हातारा गेला. फोटोवाल्याने नादी लावलं म्हणून म्हातारी बिघडली. तिन्ही हळदीवाले एकाच आठवड्यात ॲडव्हान्स परत मागायला आले. एक जण खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, तुझं काम चांगलंय. पण घरातल्या बाया नको म्हणतात." काल एक अनोळखी फोन आला, विठ्ठलवाडीहून. "हारवाले फोटोग्राफर तुम्हीच ना? आमचे वडील गेलेत, जुन्या लग्नाच्या फोटोतून तेवढेच वेगळे काढून मोठे करून पाहिजेत." मी हो म्हटलं. या महिन्यातलं असं हे पाचवं काम.

मधुदादा परवा दुकानात आले. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "जयदेव, तो जोडीचा फोटो काढ शोकेसमधून. लोक बघतात, हसतात. ती मेलेल्या माणसाच्या शेजारी बांगड्या दाखवून बसलीय." आईसुद्धा तेच म्हणते. म्हणते, अजून वय आहे, गप्प फोटो उतरव, दोन वर्षांत लोक विसरतील.

पण तो काचेत लावायला मला आबांनी सांगितलं होतं. उतरव असं सांगायला ते नाहीत. तुम्ही सांगाल तसं करतो.

जयदेव

•

चिपळूण
२६ नोव्हेंबर २०२५

जयदेव,

उतरव.

शोकेस ही धंद्याची जागा आहे. तिथे काय लावायचं ते गिऱ्हाईक ठरवतं, आपण नाही. मीही एका नवरीचा सुंदर फोटो एका रात्रीत उतरवला होता, तिने स्वतःला जाळून घेतल्यावर. तिची आई चार दिवस येऊन रिकामी काच बघून गेली. मी पुढच्या आठवड्यात बारशाचं बाळ लावलं. दुकान छत्तीस वर्षं चाललं ते असं.

तुझ्यावर आई आहे, भाडं आहे. भावनेत जाऊ नकोस.

तुझी प्रिंट परत पाठवतोय. लाल पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसलो होतो.

दिनानाथ

•

शिरगाव, बदलापूर पूर्व
रविवार, ७ डिसेंबर २०२५, दुपारी सव्वातीन

काका,

प्रिंट उजेडात धरून बघितली, उलटून बघितली. तिच्यावर एकही लाल खूण नाही. सहा वर्षांत तुमच्याकडून अशी प्रिंट मला कधी परत आली नव्हती. पत्रात तुम्ही उतरव लिहिलंत, म्हणून मी पत्राचं ऐकलं. सोमवारी दुकान बंद करताना फोटो काढला, कापडात गुंडाळून प्रिंटरमागे ठेवला आणि शोकेसमध्ये एका गुबगुबीत बाळाचा फोटो लावला. बाळ नेटवरून घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी वेणूबाई बाजारातून परत येत होत्या. हातात मेथीच्या दोन जुड्या. नंतर पानवाल्याने सांगितलं की त्या रोज याच वाटेने येतात, मेथी नको असली तरी. मी आत वाकून काम करत होतो. सावली हलेना म्हणून वर बघितलं. त्या काचेसमोर उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. घर बदललेल्या माणसाचं जुनं दार ठोकल्यावर दुसऱ्याच कोणी उघडावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आमी कुटं गेलो रं?" म्हणाल्या.

मी खोटं बोललो, की काच पुसायला काढलाय. त्यांनी काचेवर बोट फिरवून बघितलं, धूळ होती. त्यांनी ती मला दाखवली नाही, पदराला पुसली.

मी प्रिंटरमागून फोटो आणला. त्या उभ्याच होत्या, म्हणून त्यांच्यासमोरच लावला. फ्रेम डावीकडे कलली. त्या बाहेरून सांगत राहिल्या, "वर घे. आजून जरा. ह्यांची बाजू खाली गेली." या वेळी मी रस्त्यावर जाऊन समोरून बघितलं. सरळ होती.

घरातल्या फोटोला मधुदादांनी हार घातलाय, त्या म्हणाल्या. तिथे बघवत नाही. "घरात तो एकला हाय. हिकडं दोगं हाव."

मी म्हटलं, "आजी, लोक येत नाहीत हो दुकानात."

"म्हाईत हाय मना. माझ्याकडं पन येत नाय." मग कमरेची पिशवी उघडली. "काचंत बसतो आमी, तर भारा द्यावा लागंल. म्हैन्याचा किती?"

मी नको म्हटलं. मग आबांचं आठवलं, फुकटचा फोटो अंगाला लागत नाही. म्हणून घेतले.

त्या संध्याकाळी मधुदादा रस्त्याच्या पलीकडे बराच वेळ उभे होते. आत आले नाहीत. शोकेसची काच अजून शाबूत आहे, पण मी रोज सकाळी आधी तीच बघतो. हळदीचं काम या भागात मला आता मिळेल असं वाटत नाही. मेलेल्यांचे फोटो येतात. कालच एका बाईचा आला, गर्दीत मागे उभी, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या खांद्याआड. तिच्या मुलाकडे तेवढाच होता. अर्धा चेहरा दिसत होता, तो मी घेतला. उरलेला अर्धा बनवायला त्याने सांगितलं होतं, मी नाही म्हटलं. तो आहे तसाच घेऊन गेला आणि आज त्याचा मावसभाऊ असाच एक फोटो देऊन गेला.

हिशेब तुम्ही मागितलात आणि मी प्रत्येक पत्रात टाळला. आता लिहितो.

परत केले: तीन हळदींचा ॲडव्हान्स, एकवीस हजार. ओवीच्या लग्नाचे पंधरापैकी दहा हजार.

देणं बाकी: मधुदादांचे पाच हजार. हरेशभाईंचे फ्रेमचे चार हजार दोनशे; ते म्हणाले, "साईं, अब तो तेरा ही धंधा चल रहा है, आराम से दे." नोव्हेंबरचं दुकानभाडं नऊ हजार. तुमच्या लाइट स्टँडचे चार हजार. एकूण बावीस हजार दोनशे.

जमा: शोकेसमधल्या जागेचं भाडं, म्हसकर पती-पत्नी, डिसेंबर महिना, वीस रुपये.

जयदेव